सोवळ्यातलं पाणी

माधवगंजातल्या वामनराव गुरुजींच्या घरात अंडं कधी शिरलं नाही. त्यांची मुलगी श्रुती मात्र शहरातल्या कंपू भागातल्या ऑम्लेटच्या ठेल्यांवरून टरफलं आणायची, कॉलेजात भाजायची आणि मडक्यात भरायची. त्यातून गाळलं की बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड कमी व्हायचं. असं एक मडकं तिने खेड्यातल्या मंदाताईंना दिलं होतं. आज त्यांच्याच घरी गुरुजी सत्यनारायण सांगायला आले होते. तीर्थासाठी मंदाताईंनी तांब्या आणून दिला. “सरळ बोअरचं आहे, गुरुजी. आम्ही मडक्यातलं पितो, तुमच्यासाठी सोवळ्यातलं वेगळं काढलं.” गुरुजींनी पळी भरली. मंदाताईंच्या नातीने तळहात पुढे केला आणि हसताना दुसऱ्या हाताने दात झाकले. बोअरच्याच पाण्याने ते तपकिरी झाले होते. पळी थांबली. तांब्या बाजूला सारून गुरुजी म्हणाले, “मडक्यातलं आणा.” “लेकिन गुरुजी, ते अंड्याचं! देवाला चालेल?” मडक्यातलं पहिलं तीर्थ गुरुजींनी स्वतः घेतलं.