रस्ता वर चढला

टेलरकाकांनी दुकान थाटलं, तेव्हा रस्त्यावरून चार पायऱ्या चढून आत यावं लागायचं. गुडघे दुखणारी गिऱ्हाइकं कुरकुरायची. मग पाऊसच पिसाळला. क्वचित कधीतरी येणारा पूर दरवर्षी येऊ लागला. पलीकडच्या नव्या टॉवरवाल्यांच्या गाड्या अडकू नयेत म्हणून प्रत्येक पुरानंतर रस्त्यावर डांबराचा नवा थर चढायचा, तोही खालचा जुना न खरवडता.

"जखम मांडीला आणि मलम शेंडीला! अहो, गटारं उपसा की, रस्ता काय उचलताय?" काका दरवेळी तणतणायचे.

"विकासाच्या आड येऊ नका, काका," कंत्राटदार हसून म्हणायचा.

एकेक करत पायऱ्या डांबराखाली गेल्या, मग उंबरठाही गेला. आता डबा घेऊन येणाऱ्या काकूंना भिंत धरून दुकानात उतरावं लागतं.

यंदाच्या पुरात शिलाई मशीन, कापडाचे तागे, लोकांचे बेतलेले कपडे, सगळं बुडालं. काकांनी हेलपाटे घालून चपला झिजवल्या, तेव्हा कुठे साहेब पंचनाम्याला आले. रस्त्यावरूनच वाकून त्यांनी चिखलात उभ्या काकांकडे पाहिलं आणि खेकसले,

"तळघरात दुकान काढायला परवानगी कुणी दिली तुम्हाला?"