तळघरातली हवा

इस्पितळाच्या तळघरात रायमो हवा सुकवण्याचं यंत्र सांभाळायचा. दोन टाक्यांमधून हवा कोरडी होऊन नळ्यांनी वर जायची, ज्यांना स्वतःचा श्वास पेलत नव्हता त्यांच्या मशीनमध्ये. महिनाभर ती त्याच्या बायकोला, हेल्वीलाही, लागत होती. आज एक टाकी उघडून तो ओल शोषणारे दाणे बदलत होता, तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, आई चाललीय. पटकन वर ये!" "टाकी उघडी आहे, मिन्ना. सगळा भार दुसरीवर आहे, तीही ओलावली तर वरच्या सगळ्यांच्या नळ्यांत पाणी जाईल. तू धर तिचा हात. माझ्या वाटचाही." दाणे भरून त्याने झाकणाचा एकेक बोल्ट आवळला. शेवटचा आवळताना फोन पुन्हा वाजला. मिन्ना नुसती रडत होती. त्याने वर जाणाऱ्या हवेच्या दाबमापकाकडे पाहिलं. हेल्वीचं मशीन थांबलं होतं, पण काटा हलला नव्हता. "थोडा तरी हलायचास रे," तो काट्याला म्हणाला.