कानांची तपासणी

बोगस दिव्यांग शोधून सरकारचा पैसा वाचवायचा, म्हणून तहसिलीत शिबिर भरलं. वरवटचा गोकुळ जन्माचा बहिरा. त्याची पेन्शन आज राहणार की जाणार, ते ठरणार होतं. कान तपासायचं मशीन बंद होतं, पण साहेब हुशार होते. त्यांनी गोकुळला त्याच्या बायकोसमोर, शालूबाईसमोर बसवलं, आपण त्याच्या पाठीमागं उभे राहिले आणि त्याच्या मायवरून अशी शिवी हासडली की शिपायानंही मान खाली घातली.

गोकुळ हसतमुखानं बसून राहिला. शालूबाईचं तोंड मात्र संतापानं लाल झालं. ते पाहून गोकुळनं चटकन मागं पाहिलं.

“वळला! ऐकू येतं याला. पेन्शन बंद.”

“काऊन बंद? त्यानं माह्यं तोंड पाह्यलं ना, सायेब!”

“बाई, मला शिकवू नका,” म्हणत साहेब हसले.

ते हसले म्हणजे आपण पास झालो, असं समजून गोकुळनं हात जोडले.

शालूबाईनं ते हात सोडवले आणि स्वतःचा पालथा हात तोंडावर मारून दाखवला. शिमग्याची ही खूण गोकुळला लहानपणापासून पाठ होती. त्यानं अशी बोंब ठोकली की तहसिलीतलं झाडून सगळं माणूस बाहेर आलं.

त्याला एकट्यालाच ती ऐकू आली नाही.