नळीवरचं नाव

कपाच्या कानाला धरलेली सटवाची नखं तेजश्रीला जांभळट दिसली. मावळतीच्या उजेडाने असेल, म्हणून तिने शेजारीच चहा घेणाऱ्या नवऱ्याच्या, बजरंगच्या नखांकडे पाहिलं. ती गुलाबी होती. उजेड दोघांवर सारखाच पडत होता.

सटवा ओसरीच्या पायरीवर बसला होता. घरची शेरडं तोच राखायचा आणि मळ्यातल्या खोपटात म्हाताऱ्या आईबरोबर राहायचा.

"पाझिटिव्ह आलास की बे," तेजश्रीचे सासरे अर्जुनराव खुर्चीतून म्हणाले. "तेबी माझ्या नावानं. तिकडं केजच्या चौकात फ्लेक्स लागलाय माझा, दुबई दौऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा म्हणून. त्यो आता उतरवून आणू काय?"

"मला काय ठावं, मालक," सटवा म्हणाला. "तीनदा काडी माझ्या नाकात, अन् दुबईला जाणार तुमी."

सासूबाई, तुळजाबाई हसल्या. बजरंगही हसला. सटवाला मात्र हसू पुरं करता आलं नाही. तो मध्येच थांबला आणि त्याने श्वास घेतला.

हे सगळं तेजश्रीच्याच एका वाक्यातून निघालं होतं. सासऱ्यांना कोरोना होऊन गेला तेव्हा ती जेवताना सहज बोलली होती, की माणूस बरा झाला तरी मेलेल्या विषाणूचे तुकडे तपासणीत कितीतरी दिवस सापडत राहतात. अर्जुनरावांनी ते बरोबर लक्षात ठेवलं. दिवाळीच्या सुट्टीत दुबईला जायचं ठरलं तेव्हा बाकीच्यांनी आपापलं नाक पुढे केलं आणि अर्जुनरावांच्या नमुन्याच्या नळीसाठी सटवाला बोलावलं. उघड्या रानातला माणूस, ठणठणीत. मग तिकडचा नियम बदलला. तारीख पुढे गेली, जुना अहवाल बाद झाला. पुन्हा सटवा. मग इकडचा नियम बदलला. पुन्हा सटवा. लॅबवाला ओळखीचा, नळ्या घरीच पाठवून द्यायचा. काडी घालायला तेजश्री होतीच. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. नळीवर सासऱ्यांचं नाव लिहिताना दर वेळी ती मनात म्हणायची, पुढच्या वेळी लिहायचं नाही.

"एजंटचा फोन आलता," बजरंग म्हणाला. "दुसऱ्या लॅबचा निगेटिव्ह आणला तर अजून चालतंय. परवापासून तेबी बंद होणार म्हणे. आबा, मी दुसऱ्या गड्याला, नाथाला बोलावतो. तेजू, तू काडी काढून ठेव."

"आणि सटवाभाऊ?"

"त्याला काय झालंय? चहा पितोय की समोर."

तेजश्री पायरीपाशी गेली. "सटवाभाऊ, दम लागतो का?"

"न्हाई वैनी. खोपटापासून हितं येस्तोवर दोनदा खाली बसलो तेवढं. शेरडंबी बघायला लागली, ह्यो आपल्या आधी कसा काय दमला." तो थांबला. "आयचं आंग तेवढं गरम हाय. सकाळधरनं उठली न्हाई ती. गोळी असली तर द्या एखादी."

आत चार बॅगा भरून भिंतीशी उभ्या होत्या. ऑक्सिमीटर तिच्याच बॅगेत तळाशी होता.

"भरलेली बॅग उसकटू नको गं," तुळजाबाई मागून म्हणाल्या. "निघायच्या टायमाला बरं नसतं."

सटवाचं बोट गार होतं. तिने ते चोळून ऊब आणली आणि चिमटा लावला. आकडा बराच वेळ हलत राहिला. थांबला तेव्हा त्याच्या सुरुवातीला सात होता. तिने दुसऱ्या बोटाला लावून पाहिलं. तिथेही सातच.

"सत्तरच्या घरात आहे, मामा," ती सासऱ्यांना म्हणाली. "असा माणूस बोलता बोलता जातो."

सटवा चिमट्यातला लाल उजेड कौतुकाने बघत होता.

तेवढ्यात फोन वाजला. तालुक्याहून आरोग्य खात्यातल्या बाई होत्या, दुपारपासून दुसऱ्यांदा. बजरंगने फोन स्पीकरवर टाकला.

"अर्जुनरावांच्या घरून ना? पेशंटचा ऑक्सिजन मोजलात का? किती आहे?"

अर्जुनराव उठले. त्यांनी सटवाच्या बोटाचा चिमटा काढला, सदऱ्याला नीट पुसला आणि स्वतःच्या बोटाला लावला. आकडा लगेच थांबला.

"सत्त्याण्णव," ते हळू आवाजात म्हणाले. "सांग."

बजरंगने फोन तेजश्रीपुढे धरला. असं नीट बोलायचं काम या घरात तिचंच असायचं. पायरीवर सटवा कप विसळायला म्हणून उठला. उठता उठता त्याने भिंतीला हात टेकला आणि तसाच उभा राहिला.

"हॅलो? ऐकू येतंय का? किती आहे?"

"सत्त्याण्णव," तेजश्री म्हणाली.

अर्जुनराव खुर्चीकडे वळले.

"पण ते आमच्या मामांचे आहेत, ताई. नळीवर नाव त्यांचं होतं. नाक सटवाभाऊंचं. काडी मी घातली आणि नावही मीच लिहिलं. गाडी पाठवा. त्यांची आई खोपटात पडून आहे. दोघांना न्यायचंय."