वळणापुढची पावलं

"वळणावर आलीस की हाक मार गं, मी खाली येते."

आईचं, यल्लव्वाचं, हे बोलणं रेणुकाला अजून ऐकू येई. कॉलेजातून परतताना सोबत मैत्रिणी असत, म्हणून तिने कधी हाक मारली नव्हती.

तालुक्याच्या बसगाड्या आता माणसांच्या पावलांमागून धावत. खिशात फोन घेऊन माणूस चालला की नकाशावर रेघ उमटे, आणि रेघा दाट झाल्या की तिथे थांबा होई. त्या सकाळी थांब्यांची यादी आता बस कचेरीत अधिकारी असलेल्या रेणुकाच्या सहीला आली.

"मॅडम, दगडखाणीमागच्या वस्तीत बारा वर्षांत एक पाऊल नाही," नकाशा सांभाळणारा सोनटक्के हसला. "भुतं राहत असतील. त्यांना कशाला बस? वगळतो."

रेणुकाने पडद्याकडे पाहिलं. शेकडो रेघा खाणीच्या वळणापर्यंत येत आणि वाळूत पाणी जिरावं तशा तिथेच जिरत. दगडफोड्यांची पोरं म्हणून कुणी ओळखू नये, यासाठी वस्तीतली शिकणारी मुलं वळणावर फोन बंद करत. म्हाताऱ्यांकडे तर फोन नव्हतेच. सुजलेले गुडघे घेऊन यल्लव्वा दवाखान्यापर्यंत दोन कोस चालत जाई, आणि ते कुठल्याच नकाशाला ठाऊक नव्हतं.

"वगळू नका," रेणुका म्हणाली. तिची मान वर होईना. "माणसं आहेत तिथे. वळणावर फोन बंद करायला तिथल्या पोरांना मीच शिकवलं."

"तुम्ही? तुमचा काय संबंध, मॅडम?"

"माझी आई राहते तिथे."