दाव्याचे ठिकाण

अशिलाला घटस्फोटाचा अर्ज नवऱ्याच्या शहरात दाखल करायचा होता.

ते शहर दुसऱ्या राज्यात होते. आगगाडीने एक रात्र आणि वर अर्धा दिवस. कायद्याने तिला स्वतःच्या राहत्या ठिकाणी अर्ज करण्याची मुभा होती, आणि तिथले कोर्ट तिच्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. दुसऱ्याला प्रवास घडावा म्हणून जिवाचे रान करणारे पक्षकार वकीलबाईंनी पुष्कळ पाहिले होते. उलट मागणी ही पहिलीच.

"दर तारखेला रजा काढून हेलपाटे घालणार? हौस म्हणून?"

"हो." ती कान तपासून ऐकण्याची यंत्रे बसवण्याचे काम करीत असे, बोलणे मोजके. "तारखेला त्यांच्या घरची माणसं येतात का?"

"येतात. पण घाबरू नका, कोर्टात कोणी काही करू शकत नाही."

"आणि आत बोलावेपर्यंत बाहेर किती बसावं लागतं?"

"अर्धा दिवस धरून चला."

"पुरेल."

वकीलबाई विज्ञानाची पदवी घेऊन कायद्याकडे वळल्या होत्या. सगळ्या शक्यता मांडायच्या आणि एकेक खोडायची, ही सवय सुटली नव्हती. पोटगी तिला नको होती. समेटाची आशा दोघांनाही नव्हती. भांडणही नव्हते, बोलण्यासारखे काही उरले नव्हते इतकेच. तिकडे दुसरे कोणी आहे का, हे त्यांनी सरळ विचारले. ती नुसती हसली. शेवटी कारण अज्ञात, अशी मनाशी नोंद करून त्यांनी अर्ज तिकडे दाखल केला.

पहिल्या तारखेला त्या तिच्यासोबत गेल्या. व्हरांड्यातल्या बाकावर नवरा आधीच येऊन बसला होता, आणि शेजारी त्याची आई. जिना चढून तिला धाप लागली होती, पण सुनेला पाहताच आवाज फुटला.

"सांग हिला, घर सोडून गेली तेव्हाच हिला उंबरा बंद झालाय. मी हिचं तोंडसुद्धा बघणार नाही."

सगळ्या व्हरांड्याने ते ऐकले. सासूबाईंनी मान फिरवून भिंतीकडे तोंड केले. त्यामुळे त्यांचा डावा कान बरोबर सुनेसमोर आला.

ती बाकावर सरकून बसली. मांडीवर रुमाल पसरला; त्यावर बारीक ब्रश, कात्री आणि पारदर्शक नळीचा तुकडा मांडला. मग सासूबाईंच्या कानातले यंत्र अलगद काढले. सासूबाई भिंतच बघत राहिल्या. मान मात्र त्यांनी आणखी थोडी कलती केली.

नवरा वकीलबाईंजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "घरी बस म्हटलं तर ऐकेना. म्हणजे, तसं तिला काहीच ऐकू येत नव्हतं. बेल वाजत राहते, दूध उतू जातं, आमचा टीव्ही खालचा मजला ऐकतो. यंत्र दुरुस्त करायला तीन जणांना घरी बोलावलं. तिघांनाही हाकलून दिलं तिने."

जुनी नळी कापून नवी बसवल्यावर यंत्र परत कानात बसले.

"आता?" सुनेने हळूच विचारले.

"ओरडू नकोस," सासूबाई भिंतीला म्हणाल्या. "बहिरी नाही मी."

तेवढ्यात आतून पुकारा झाला. वकीलबाई उठता उठता अशिलाकडे वाकल्या. "पुढची तारीख केव्हाची मागू?"

"तीन महिन्यांनंतरची. तोवर नळी कडक होते."

कारण सापडले होते. सासूबाईंना आगगाडीचा प्रवास झेपत नव्हता, सून घरी आलेली चालत नव्हती, आणि तिच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही त्या आपल्या कानाला हात लावू देत नव्हत्या.