ओल्या सारवणातली पावलं

सोनियानं मोबाईलवर बघून बॅले शिकायला घेतलं तेव्हापासून मंगलच्या डोक्याला ताप झाला होता. टाचेला टाच जुळवायची, चवडे बाहेर फिरवायचे आणि कळशी कवेत धरल्यागत हात गोल करून उभं राहायचं, एवढंच पोरगी तासन्‌तास करायची. रोज चवडे आदल्या दिवशीपेक्षा थोडे जास्तच फिरायचे.

"पाय सरळ ठेव," मंगल खेकसायची. "उलट्या पायाची हाडळ असती. असली सून कोण करून घेनार?"

"अजून पुरतं फिरलं न्हाईत, आई," सोनिया शांतपणे म्हणायची.

शेवटी मंगलनं मोबाईल कुलपात घातला आणि आंबवड्याच्या पाहुण्यांना पोरगी बघायला बोलावलं. त्या सकाळी तिनं उंबऱ्यापासून मागं मागं सरत फाटकापर्यंत अंगण सारवलं. "वाळंस्तोवर भाईर पाय टाकू नगंस," असं बजावून ती शेजारी कपबश्या मागायला गेली.

परत आली तर ओल्या सारवणात पावलं उमटली होती. सोनियाचीच. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत, सगळी घराकडं तोंड करून. बाहेर जाणारं एकही नव्हतं.

"कुठं उलथली व्हतीस गं?" मंगल ओरडली.

ती भिंतीच्या कडेकडेनं आत गेली. कॉटवर नवी साडी घडीसकट पडली होती. घरात कोणी नव्हतं, आणि घराला दुसरं दारही नव्हतं.

फाटकाशी जीप थांबली. मुलाची आई उतरली, पावलं बघून जागीच थबकली आणि तिनं हात जोडले.

"लक्षुमी आलीया की घरात! बोलवा तिला."